दुसरं बोट

‘नंदभावजयीची माया, जशी तुरीची जोडशेंग,
एका सालीमंदी दोघी, दोघींचा गं एक रंग.’

तूर निवडता निवडता रंगूबाई हे म्हणायची आणि लेकीकडे, सुनेकडे आळीपाळीनं बघायची. ती जाऊन किती पावसाळे झाले, तरी दुपारी घर निवांत झालं की मंजुषाला आईचा तो आवाज ऐकू यायचा. आजही आला. मंजुषानं लॅपटॉपचं झाकण उघडलं. आज तिला कुलूप घालायचं होतं.

काल तिनं नागपूरच्या दवाखान्यात फोन केला होता. लॅबमधल्या जागेसाठी मुलाखत झाली होती, साहेब चांगलं बोलले होते, आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ती वाट बघत बसली होती. फोनवरची बाई म्हणाली, “मॅडम, तुम्हाला बोलावलं होतं ना. तुम्हीच मेल केला, येत नाही म्हणून. जागा भरली आता.”

मंजुषानं असला मेल केला नव्हता. लॅपटॉपमध्ये शोधलं तर बोलावणंही पुसलेलं, उत्तरही पुसलेलं. मग तिच्यापुरतं एकच नाव उरलं. पोरीच्या जातीले नागपूर कायले, असं म्हणणारा लखनदादा. सोयाबीनचा भाव बघायला तो रोज हाच लॅपटॉप उघडायचा, आणि पासवर्ड म्हणजे आईचं नाव, साऱ्या घराला ठाऊक. सकाळी ओसरीवर तिनं त्याला नाही नाही ते ऐकवलं. “मी हात नाई लावला तुह्या मेलले,” एवढंच तो म्हणाला, भरलं ताट सारलं आणि एसटी स्टँडकडे निघून गेला. वहिनी भाजीची वाटी हातात धरून दारात उभी होती.

“वहिनी, ये न इकडं.”

पौर्णिमा कणीक मळता मळता उठून आली. “आता काय करून राह्यली?”

“दादाले कायमचं बाहेर काढून राह्यली. पासवर्ड बदलला, पिन बदलला. आता बोट. बोट ठेवल्याबिगर उघडलाच नाई पायजे.”

“तुहं बोट?” पौर्णिमा हसली. “तुह्या बोटाले राशनवाला जानराव बी हात जोडते.”

खोटं नव्हतं. लॅबचं शिकताना औषधांनी मंजुषाच्या बोटांची सालं गेली, रेघा पुसट झाल्या. राशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी लागला नाही. ज्याचा लागतो त्यानं ठेवावा, अशी गावाची रीत. या घरातून ठेवायचा तो वहिनीनंच.

मंजुषानं कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट टेकवलं. उचला, पुन्हा ठेवा, म्हणाला लॅपटॉप. ठेवलं. पुन्हा ठेवा. तिनं बोट ओढणीला घासलं, फुंकर मारली, ठेवलं. पुन्हा ठेवा.

“जाऊ दे. तुहंच ठेव, वहिनी.”

“माहे हात कनकेचे हायेत.”

“पूस.”

“तुह्या मशीनीत माहं बोट कायले? उद्या काही झालं त माह्यावर नाव येईन.”

“तुहं नाव कोन घेते? तूच त एक हायेस मले या घरात.”

पौर्णिमा तशीच उभी राहिली. मग मंजुषानंच तिचा हात ओढून घेतला, पदरानं बोट पुसलं आणि लहान लेकराचं पाटीवर ठेवावं तसं नेऊन टेकवलं.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

इंग्रजी ओळ आली की मंजुषानं मोठ्यानं वाचायची, मग अर्थ सांगायचा, मग वहिनीनं मान डोलवायची. दोघींचा तसा नेमच पडून गेला होता. अशानंच वहिनी इंग्रजी शिकली होती. या वेळी मंजुषानं तोंड उघडण्याआधीच पौर्णिमानं बोट काढून घेतलं आणि पदरात लपवलं.

हे बोट आधीच नोंदवलेलं आहे. दुसरं बोट ठेवून बघा.

मंजुषानं ती ओळ मनातच वाचली. पुन्हा वाचली. परातीतल्या कणकेवर माशी बसली, ती कुणी हाकलली नाही.

“कवा ठेवलं हे?”

पौर्णिमानं पदर बोटाभोवती आणखी गुंडाळला.

“सकाळी मी दादाले काय काय बोलली. तू तिथंच उभी होतीस.”

“होती.”

“उपाशी गेला तो.”

“हो.”

मंजुषाला आपलाच आवाज आठवला. याच टेबलाशी बसून तिनं वहिनीला शिकवलं होतं, इंग्रजीत नकार द्यायचा तर आधी आभार मानायचे, समोरच्याला वाईट वाटू द्यायचं नाही. नागपूरच्या बाईला वाईट वाटलेलं नव्हतं.

“दादानं सांगतलं का तुले असं करायले?”

विचारलं आणि ती वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली. हो म्हणावं हिनं. खोटं का होईना, हो म्हणावं. मग दादाशी जन्मभर भांडता येईल आणि ही आपल्याकडे उरेल.

पौर्णिमानं पदरातून हात बाहेर काढला. नखांत कणीक वाळली होती.

“त्याले काहीच माईत नाई. मीच कळवलं,” ती म्हणाली. “तू जाशीन अन् मी राहीन, हे मले पाह्यवलं नाई, मंजू.”