दुसरी सीडी

“ताई, तुमच्या अल्बमच्या दोन्ही सीड्यांवर तेच बारा गाणे आहेत ना,” परतवाड्याहून कुसुमताई ढोले फोनवर सांगत होत्या. त्या शिवणकाम करतात. “मशीन चालवताना दोन्ही पूर्ण ऐकल्या. म्हटलं, माझ्याच डब्यात चूक झाली असन.”

मी कपाटातून माझा डबा काढला. चोवीस गाणी, सगळी मीच लिहिलेली, मीच गायलेली. दुसरी सीडी अजून प्लास्टिकमध्येच होती. फोडून लावली, तर पहिल्या सीडीचंच पहिलं गाणं सुरू झालं.

कंपनीला फोन केला. हजारच्या हजार डब्यांत हाच घोळ निघाला.

“पण चार महिन्यांत एकही तक्रार आली नाही हो, मॅडम!”

तक्रार कशी येणार? अकरा परीक्षणं आली होती, एक पुरस्कारही मिळाला होता. एका समीक्षकाने लिहिलं होतं, ‘दुसऱ्या भागात गायिका अधिक अंतर्मुख होते.’ ते कात्रण मी हौसेने फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं.

“सगळ्यांना बदलून देऊ का?” कंपनीवाल्याने घाबरत विचारलं.

“नको,” मी म्हटलं. “एकच बनवा. परतवाड्याचा पत्ता लिहून घ्या.”