तासाभराची सोबत

"सात आलेत," ग्रंथपाल बाईंनी पेटी टेबलावर उपडी केली. "आणि आपली माणसं पाच. कसं जमवायचं?"

"जमवू," हजरकाका म्हणाले.

त्यांचं खरं नाव गावात आता कुणाच्या तोंडात नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात दारोदार मीटर वाचत ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या कामाला लागले. रक्त हवंय, हजर. गटार तुंबलंय, हजर. कुणाचे वडील फिरायला गेले ते परतलेच नाहीत, सायकल काढून हजर. घरी ते फक्त जेवायला आणि झोपायला जातात, असं लोक कौतुकाने सांगत.

सोबतीची कल्पना त्यांचीच. ज्यांच्याशी बोलायला कुणी नाही, त्यांनी वाचनालयातल्या पेटीत फॉर्म टाकायचा. आठवड्यातून एकदा, तासभर, कुणीतरी जाऊन बसायचं. नियमही त्यांनीच घातले होते. घड्याळ बघायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. स्वतःचं पुराण लावायचं नाही.

पाचवा फॉर्म हातात घेऊन ते थांबले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

वय चौसष्ट. 'घरी कोण कोण?' पुढे लिहिलं होतं: एक माणूस, असून नसल्यासारखा. 'कशाबद्दल बोलायला आवडेल?' कशाहीबद्दल, भिंतींशी बोलून झालंय. वेळ: गुरुवार, दुपारी चार.

"गुरुवारचा आहे का?" बाईंनी विचारलं. "द्या इकडे, पाठवते कुणाला तरी. तुमची रक्तपेढीची बैठक आहे ना?"

"बैठक होईल माझ्यावाचून."

बाई बघतच राहिल्या. तापाने फणफणलेले असतानाही ज्यांनी बैठक चुकवली नव्हती, ते काका फॉर्मची चौघडी करून खिशात घालत होते.

गुरुवारी त्यांनी न्हाव्याकडे जाऊन दाढी केली.

"आज कुठे सत्कार?" न्हाव्याने विचारलं.

"सत्कार कसला! एकांना भेटायचंय."

"मग चेहरा का असा, परीक्षेला निघाल्यासारखा?"

काका हसले नाहीत. चार वाजता ते दारासमोर उभे राहिले आणि त्यांनी बेल वाजवली.

तिने दार उघडलं. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे, आणखी कुणी आलंय का ते.

"तुम्ही?"

"हो. फॉर्म माझ्याच हातात आला."

"दुसरं कुणी नव्हतं?"

"होते. मीच म्हटलं, मी जातो."

ती दार धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बाजूला झाली. "या. बसा."

टेबलावर दोन कप आणि बशीत बिस्किटं तयार होती. काका खुर्चीच्या कडेवर टेकले. समोरच्या फळीवर रेडिओ होता. त्याची वायर गुंडाळून रबर लावलेलं.

"चालत नाही?"

"दोन वर्षं झाली."

चहा झाला. मग काकांनी फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न विचारला. "घरी कोण असतं?"

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं.

"आमचे हे. लोकांचं करतात. देवमाणूस आहेत, सगळा गाव सांगतो. आणि आहेतच हो देवासारखे. हाक मारली तर येत नाहीत."

काकांनी मान खाली घातली.

"भांडण नाही आमचं," ती म्हणाली. "भांडायलाही समोर माणूस लागतो."

मग ती बोलू लागली. आधी इकडचं तिकडचं, समोरच्या घरातली नवी सून, गुडघे, टमाट्याची रोपं. काका ऐकत राहिले. मधेच, रोपांबद्दल बोलावं त्याच आवाजात ती म्हणाली, "मागच्या थंडीत काखेत गाठ लागली हाताला."

काकांनी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

"एकटीच गेले दवाखान्यात. सुई घालून तपासायला घेतलं त्यांनी. आठ दिवसांनी या, म्हणाले."

"घरी सांगितलं नाहीत?"

"सांगायलाच बसले होते. ताट वाढलं, म्हटलं, ऐका जरा. तेवढ्यात फोन आला. कुणाच्या तरी आईला दवाखान्यात न्यायचं होतं." ती थांबली. "गेले ताटावरून उठून. चांगलंच काम होतं, अडवू कशी?"

काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"त्या आठ दिवसांत काय करत होतात?"

"कपाटं आवरली. कुठे काय ठेवलंय ते वहीत लिहून काढलं. मी गेल्यावर ह्यांना चमचासुद्धा सापडायचा नाही." ती हसली आणि हसताहसताच तिने डोळे पुसले. "साधी निघाली गाठ. वही आहे अजून."

काकांच्या खिशात फोन वाजायला लागला. त्यांनी न बघता तो बंद केला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून विझलं, तरी ती बोलत होती, आणि ते ऐकत होते.

मग तिचंच लक्ष गेलं. "अगंबाई, तास कधीच होऊन गेला. निघायचं असेल ना तुम्हाला?"

काका उठले. दारापर्यंत गेले. बाहेर काढलेल्या चपला उचलून त्यांनी आत आणल्या, दार लावून घेतलं आणि परत येऊन तिच्याजवळ बसले.

"ती गाठ," त्यांनी बायकोला विचारलं, "कुठल्या बाजूला होती गं?"