आधी न्हाणीघर

"हापिसात मग बसू. आधी न्हाणीघर दाखवा," रत्नम्मा म्हणाली.

चंद्रप्पाने कपाळाचा घाम पुसला. 'निवांत' शुश्रूषालयाचा तो व्यवस्थापक. येणारी माणसे आधी पंख्याखाली बसत, चहा घेत आणि भिंतीवरची मानपत्रे बघून निम्मी गार होत. ही मुरुडची म्हातारी मात्र पायरीवरच अडून उभी होती. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पन्नाशीतल्या लेकाचा दंड.

"शिवलिंगअप्पा, तुम्ही तरी बसा."

"हाव," लेक म्हणाला, आणि आईच्या मागून चालू लागला.

इस्त्रीचा सदरा, भाळी विभूती आणि तोंडाला कुलूप. आईला ठेवायला आलेले लेक असेच गप्प असतात, हे चंद्रप्पाला पाठ झाले होते. अशा लेकांचा त्याला मनातून संतापच यायचा, पण धंदाही त्यांच्यावरच चालायचा.

न्हाणीघरात रत्नम्माने तांब्याभर पाणी फरशीवर ओतले आणि त्यावर चप्पल घासून पाहिली. पाय सर्रकन निसटला. तिने भिंतीवरची दांडी धरली, तर दांडीच उपसून हातात आली.

"ही कशाला लावलीय? टावेल वाळवायला?"

"बसवून घेतो, आजी. पण पाणी असं ओतू नका हो." चंद्रप्पा कळवळला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, आणि त्याला रोज टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत होत्या.

"आंघोळ कवा घालता?"

"दोन दिसाआड."

"खरं सांगा."

"आठवड्याला," चंद्रप्पा पुटपुटला.

"अन् इष्टलिंगाच्या पूजेला पाणी?"

"वाटीभर देतो की रोज."

"ज्याला सोताला जमत न्हाई, त्याच्या तळहातावर लिंग कोण ठिवतं?"

असे आजवर कुणी विचारले नव्हते. म्हातारी तर चांगली खणखणीत दिसत होती. पण पुढचा विचार करतेय बिचारी, असे वाटून चंद्रप्पा जरा विरघळला. "मी ठिवीन, आजी. मीबी लिंगायतच हाय की."

तोवर ती पुरुषांच्या खोलीत शिरली होती.

"बायकांची खोली पलीकडं हाय."

"समदंच बघायचंय."

खाटेवर एक म्हातारा पडला होता. त्याचा उजवा हात कापडाच्या पट्टीने लोखंडी गजाला बांधलेला होता. मनगटाला वळ उठले होते. रत्नम्माने पिशवी खाली ठेवली आणि गाठ सोडायला घेतली. बोटे थरथरत होती, पण गाठ सुटेपर्यंत ती हलली नाही. पट्टी तिने खिडकीतून बाहेर भिरकावली.

"माणूस हाय का गोठ्यातलं जनावर?"

"उठून जातात, आजी. फाटकाबाहेर रस्ता हाय. त्यांच्याच भल्यासाठी बांधावं लागतं."

"भलं करायचं तर माणूस ठिवा. कापड कशाला?"

आता चंद्रप्पाही तापला. "हितले काही नियम हायत. पटत नसंल तर दुसरीकडं बघा."

"बघूनच आलेय. एक नांदेडचं बघितलं, एक अर्धापूरचं बघितलं. आत जाऊ दिलं न्हाई कुणी. मला भिववू नका, मॅनेजर."

कोपऱ्यात सेविका बानो एका म्हाताऱ्याला पेज भरवत होती. रत्नम्मा सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तू बांधतीस का गं?"

बानोने चंद्रप्पाकडे पाहिले. तो डोळे वटारून होता.

"न्हाई, अम्मा," ती म्हणाली. "माझ्या पाळीत मी जवळ बसून राहते. बोलणी खाते, पर बांधत न्हाई."

रत्नम्माचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"बानो, चहा आण," चंद्रप्पा म्हणाला. ती ओसरीवर चहा घेऊन आली. तिथे बसणारी साखराबाई जुनी रहिवासी. तिला लेकानेच आणून सोडले होते, तेव्हापासून कुणाचाही लेक दिसला की तिच्या जिभेला धार यायची.

"लाज वाटू दे रे," ती शिवलिंगवर कडाडली. "जन्म दिला तिनं तुला!"

शिवलिंग हसला. चंद्रप्पाला त्या हसण्याची किळस आली.

"माझ्या लेकाला बोलायचं काम न्हाई!" रत्नम्मा उसळून उभी राहिली. "बाप गेल्यावर दुकान सांभाळलं त्यानं, माझी दुखणी काढली. लई केलंय त्यानं माझं. तोंड सांभाळा."

रत्नम्माने चहा बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी लेकापुढे धरली. एवढ्या मायेच्या बाईला हा माणूस टाकून जाणार, आणि वर तिचाच चहा पिणार! त्याला राहवले नाही.

"अप्पा, भेटायला तरी येत जा. एकदा ठेवून गेलेली माणसं पुन्हा फिरकत न्हाईत."

"हाव."

"येणं होईल," रत्नम्मा म्हणाली. "न सांगता, कवाबी. फाटक उघडावं लागंल. दांडी पक्की बसवायची. अन् हात बांधलेला दिसला, तर त्याच गजाला तुम्हाला बांधीन, मॅनेजर."

"बांधणार न्हाई, आजी. शब्द देतो." चंद्रप्पाने तो मनापासून दिला. असल्या म्हातारीपुढे खोटे बोलायची त्याची छाती नव्हती.

"माझे हात थरथर कापायलेत आता. न्हाईतर हा उंबरा चढलेच नसते." तिने बानोकडे बोट केले. "रात्रीची पाळी हिच्याकडं द्या. बानोकडं."

"दिली." चंद्रप्पाने पिशवी उचलून बानोच्या हातात दिली. "जा, बायकांच्या खोलीत खिडकीजवळची खाट दे."

"बायकांच्या नगं, गड्यांच्या खोलीत," रत्नम्मा म्हणाली, आणि तिने शिवलिंगचा हात बानोच्या हातात दिला. "रोज सकाळी त्याला त्याचं नाव सांगत जा, पोरी. माझं तर तो कवाच इसरलाय."