सोनबाची दाढ

नेहाने आधी त्या परदेशी बाईचं हसू काढून टाकलं. दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर, पहिल्याच पानावर ती बाई सगळे दात दाखवत बसली होती, आणि चऱ्होलीत तसं हसणारं कुणी नव्हतं. तिच्या जागी नेहाने आपल्या नवऱ्याचा, बुद्धरत्नचा फोटो टाकला. पांढऱ्या कोटातला, जरा लाजलेला.

"दवाखाना बंद करू का गं?" दसऱ्याला त्याने विचारलं होतं.

चऱ्होलीत इमारती धडाधड उठल्या, पण राहायला माणसंच येईनात. रिकाम्या फ्लॅटची दाढ काही दुखत नाही.

"थोडं थांबा ना," नेहा म्हणाली होती. "लोक हल्ली मोबाइलवर डॉक्टर शोधतात. साइट नीट केली की येतील."

बंद कसा करायचा? कारखान्यात जन्म काढलेल्या सासऱ्यांनी लेकाच्या नावाची ती पाटी बघितली आणि मगच समाधानाने डोळे मिटले. पाटी उतरवायची कल्पनाही नेहाला सोसत नव्हती.

सासूबाईंचा, चिमाबाईंचा खुबा मोडल्यापासून तिला काळेवाडीचं घर सोडता येत नव्हतं. कंपनीचं कामही घरूनच चालायचं. उरलेला सगळा जीव तिने साइटमध्ये ओतला. नकाशावर दवाखाना उसाच्या शेतात दिसत होता, तो रस्त्यावर आणला. पान पटकन उघडावं म्हणून जड फोटो हलके केले. 'दात काढताना दुखतं का?' याचं उत्तर साध्या मराठीत लिहिलं.

तरी नाव कुणी नोंदवेना.

दिवाळी उलटली आणि एका दुपारी तिने स्वतःच एक खोटं नाव भरलं. सोनबा, उजवीकडची दाढ. फोन नंबर माहेरचा जुना, बंद पडलेला. नोंदीचा मेसेज थेट बुद्धरत्नच्या मोबाइलवर जायचा. नाव नोंदवून न येणारे पेशंट असतातच. कुणीतरी विचारतंय एवढं दिसलं तरी नवऱ्याला उभारी येईल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुद्धरत्न हातपाय धुऊन बसला.

"आज सोनबा म्हणून एक जण आले होते."

नेहाची पोळी तव्यावरच करपली. "आले?"

"आले की. भारी गप्पिष्ट माणूस. तोंडात कापूस कोंबला तरी बोलतोय."

"हात हलका हाय माझ्या ल्योकाचा," खाटेवरून चिमाबाई म्हणाल्या.

खराच कुणी सोनबा असेल, अशी नेहाने मनाची समजूत घातली. मग तिने प्रभावतीबाई लिहिल्या. त्याही आल्या, आणि त्यांनी अंगणातला कढीपत्ता पाठवला. घरभर त्याचा वास सुटला. खंडू आला, सोपानराव आले. दुपारी नेहा नुसतं नाव लिहायची, संध्याकाळी त्या नावाला चेहरा फुटायचा, खोकला यायचा, नातवंडं व्हायची. विचारणार तरी कसं? विचारलं की आपलंच पितळ उघडं पडणार. हळूहळू तिने विचार करणंच सोडलं. तिला सुखाची गुंगी चढली होती. त्या न पाहिलेल्या माणसांवर तिची माया जडली.

उन्हाळ्यात चिमाबाई काठी धरून चालू लागल्या. नणंद पिंकी चार दिवस राहायला आली. नेहाने पहिल्याच दुपारी चऱ्होलीची रिक्षा पकडली. बाकावर बसलेली ती माणसं तिला एकदा डोळे भरून बघायची होती, बस.

दवाखान्याचं शटर उघडं होतं. वर पाटी होती, तनुजा लेडीज टेलर.

मशीनवरच्या बाईने मान वर केली. "डॉक्टर होय? ते दिवाळीच्या आधीच गेले की, ताई. चाकणला कुठल्याशा कंपनीत लागलेत. कुणी पेशंट विचारत आला तर समोरच्या दातांच्या मॅडमकडे पाठव, म्हणाले होते."

तिने दोरा तोडला.

"पण आजवर कुणीच आलं नाही बघा. तुम्हीच पहिल्या."