नाडीची गाठ

माझ्या बास्केटबॉल संघातल्या मुली त्यांच्यातल्याच एकीला गोगलगाय म्हणत. धावण्यात शेवटची, पण शिकवलेलं विसरत नसे. तिला मी सांगितलं होतं, "बाळा, चेंडू फसवतो, खांदेही फसवतात. समोरचीच्या शॉर्ट्सच्या नाडीची गाठ बघ. गाठ वळेल तिकडेच ती जाणार." अंतिम सामन्यात आम्ही एका गुणाने पुढे होतो, काही क्षण उरले होते, चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या चपळ कॅप्टनकडे होता आणि तिला अडवायला गोगलगाय. "सर, गोगलगायीला बाहेर बसवा ना," बाकावरच्या आमच्याच मुली कुजबुजल्या. मी बसवलं नाही. गोगलगाय हातभर अंतर ठेवून, गुडघे वाकवून, गाठीकडे बघत उभी राहिली. कॅप्टनने खांदा डावीकडे टाकला. ही हलली नाही. गाठ उजवीकडे वळताच हीही सरकली. वाट अडली, चेंडू रेषेबाहेर गेला, वेळ संपली. "एकदाही तोंडाकडे बघितलं नाहीस. एवढा राग?" कॅप्टनने विचारलं. "नाही गं, तुझी गाठ सुटत आलीये."