शोभाबाईचे मांडे

"ऊठ पुष्पे, खापर सोड!"

शेजारच्या निंबाच्या घरच्या अंगणात शोभाबाईचा आवाज फुटला आणि चुलीपुढच्या पुष्पाबाईच्या हातातला मांडा हातातच राहिला. पुरण वाटणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. निंबाच्या लेकीचा साखरपुडा होता, पाहुणे बारडोलीहून निघाले होते, आणि मांडे करायला शोभाबाईला बोलावणंच नव्हतं. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत तिला सोडून मांडे होत होते!

पारोळ्याकडची ही सगळी माणसं लूमवर, कापडाच्या मागावर, काम करायला सुरतेला आली. येताना शोभाबाईने आणलं काय, तर आपले दोन हात. मऊ कणकेत पुरण भरायचं, तो गोळा हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापल्या, उपड्या खापरावर अलगद सोडायचा. तिचा मांडा मलमलीसारखा पातळ, पण फाटेल तर शपथ. एरवी ती लूमवरच्या भटूची बायको, घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणारी. पण कुणाच्या दारी मांडव पडला की ती शोभाबाई असे. मोबदला म्हणजे नारळ आणि खण. बोलावलं की नाही म्हणायची रीत नव्हती. शुभकार्याला नाही म्हणणारीचं नाव गल्ली जन्मभर विसरत नसे.

यंदा मात्र बोलावणी आटली. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, कोरडी गेली. गल्लीतल्या भिकनचा जावई येऊन मांडे जेवून गेला, हिला पत्ता नाही. आणि आज सकाळी नळावर निंबाची बायको उषाबाई हंडा उचलता उचलता बोलून गेली, "तुना मांडा फाटतस म्हने आते."

मांडे फाटतात! शोभाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काम पुष्पीचंच, तिने ठरवून टाकलं. जिथे हिचं बोलावणं बंद, तिथे पुष्पाबाईचं सुरू. वर दोघी एकाच गावच्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

तिने लेकीजवळ सगळं ओकून टाकलं होतं. हर्षदा कॉलेजात जाणारी, आणि गल्लीत तिचा शब्द खाली पडत नसे. टीव्हीवर कोणती मालिका बघायची, हळदीला वाजवायला कोणती गाणी कॅसेटमध्ये भरून घ्यायची, पोरांना भाड्याच्या दुकानातून कोणतं कॉमिक्स आणायचं, इतकंच काय, ढोकळ्यात सोडा किती घालायचा, बायका तिला विचारत. ती सांगेल ते चांगलंच निघे. शोभाबाईला त्याचा केवढा तोरा!

"तुझं ऐकतात ना सगळ्या? मग सांग ना त्यांना, माझ्या मायचे मांडे खाऊन तर बघा!"

"सांगते," हर्षदा म्हणाली होती, टीव्हीवरची नजर न काढता.

लेकीच्या सांगण्याची वाट कोण बघतो? ती तडक इथे आली होती. आता तिने पुष्पाबाईला खांद्याने बाजूला सारलं आणि ती चुलीपुढे बसली. लाकडं ओली होती. धूर थेट छातीत शिरला, ठसका लागला. तिने तो पदरात दाबला आणि गोळा उचलला. गोळा हातांवर आला आणि राग मागे पडला. मांडा फिरला, वाढला, खापरावर जाऊन पडला. एवढीशी चीर नाही.

"फाटला?" ती गरजली. "बोला की आता! कोणी उठवलं हे? हीच ना?"

उषाबाईने खाली मान घातली. "माले काय माहीत, बहीन? तुनी हर्षदानीच सांगं."

"माले बी तिनीच सांगं," पुष्पाबाई पदराने डोळे टिपत म्हणाली. "मांडा कराले तू जाय म्हनी."

आईमागोमाग धावत आलेली हर्षदा फाटकात उभी होती. शोभाबाईने चुलीजवळचं लाकूड उचलून तिच्यावर उगारलं. "तू? पोटची पोर असून माझं नाव मातीत घातलंस?"

"हो, घातलं!" हर्षदाही पेटली. "डॉक्टरने धूर बंद सांगितला तेव्हा मी शेजारी होते, मम्मी. तू केलास बंद? रात्ररात्र उशीला तोंड लावून खोकतेस. तू नाही म्हणणार नाहीस आणि ह्या बोलवायच्या थांबणार नाहीत. छातीचं कुणाला सांगायचं नाही अशी तुझीच शपथ. मग मी मांड्यांचं सांगितलं!"

शोभाबाईच्या हातातलं लाकूड खाली आलं. आता मात्र खोकला पदरात मावेना. ती वाकली, डोळ्यांत पाणी आलं, अंगणभर तिचाच आवाज झाला. बायका बघत होत्या. तिच्याकडे थोड्या, खापरावरून उतरलेल्या मांड्याकडे जास्त.

खोकला ओसरला तशी उषाबाई जवळ सरकली. "आजना दिन करी दे वं बहीन. पाहुना येतीनच आते. आजनंतर नको करू."

हर्षदाचं तोंड लाल झालं. काही बोलायला ती पुढे झाली, पण शोभाबाईने तोवर दुसरा गोळा उचलला होता. हातांवर मांडा फिरू लागला, कोपरापर्यंत आला, अगदी मघासारखाच. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शोभाबाईने एकवार लेकीकडे पाहिलं. मग मांड्याच्या मधोमध बोटं फाकवली. पुरण भसकन चुलीत पडलं.

"नही वं बहीन," ती उठत म्हणाली, "मना मांडा फाटतस."