भरल्या हातांची वाट

या, जरा जवळ सरका. कान इकडे द्या, एका वाटेची गोष्ट सांगते.

आमच्या गावचं नावाजलेलं हॉटेल पाडून तिथे प्लाझा बांधला. आता तोही म्हातारा झालाय. निम्मी शटरं बंद, सरकता जिना जागच्या जागी. माझे बाबा त्या हॉटेलात वेटर होते. ते गेल्यापासून आईने एकच धोशा लावला होता, "मला एकदा तिथे ने गं."

नेलं. आत एका घड्याळवाल्याच्या दुकानासमोर लोक चालता चालता अंग चोरून तिरके होत आणि पुढे जात. जागा तर मोकळीच होती. कडेवरचं बाळसुद्धा मान मागे घेई.

"इथे काय आहे हो?" मी विचारलं.

"काही नाही, ताई. सगळे इथे असेच वळतात. माझ्या दुकानाकडे तेवढं कुणी वळत नाही!" घड्याळवाला म्हणाला.

आई हसली नाही. "स्वयंपाकघराचं दार इथेच होतं. ह्यांचे हात भरलेले असायचे. वाट द्यावी लागायची."

"आई, बाजूला हो," मी म्हटलं. माझंही अंग आपोआप तिरकं झालं होतं.

"जन्मभर बाजूलाच झाले," म्हणत ती मधोमध उभी राहिली, देवापुढे राहावं तशी, डोळे मिटून.

दिसलं काहीच नाही. आईचा पदर उडाला आणि तिच्या खांद्यावर ओला डाग पसरत गेला. मी हात लावला. चहा होता, चटका बसेल इतका गरम.

"अजून तश्शीच घाई," आई पुटपुटली.

मायबापहो, पुढ्यात ताट येईल तेव्हा माझ्या बाबांची आठवण ठेवा.